स्टेपनीखालचा फोटो

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जुन्या गाड्यांचे सौदे माझ्यापर्यंत येतात ते कागद होऊन: फॉर्म २९, फॉर्म ३०, कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी, त्यासोबतचा फॉर्म ३५, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर. देणारा आणि घेणारा समोरच्या बाकावर बसतात, गाडी बाहेर रस्त्याला लागून उभी असते आणि मधे डीलर उभ्या उभ्या फोनवर पुढचा सौदा लावत असतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी न चुकता पाहिली. घेणारा सहीसाठी पेन टेकवतो आणि मान वळवून एकदा बाहेर गाडीकडे बघतो. पैसे देऊन झालेले असतात, किल्ली खिशात असते, घरी बायकोने हळद-कुंकू आणि नारळ काढून ठेवलेला असतो. तरीही ते बघणं होतंच. यात काही लपलेलं तर नसेल ना, असं ते बघणं असतं.

ही पुस्तिका उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी आहे आणि तिचा विषय आहे गाड्यांच्या ऑनलाइन जाहिराती. फोटो, मजकूर, किंमत, पत्ता, फोनवरचं बोलणं, सगळं पुढच्या प्रकरणांत येईलच. पण मी हे लिहायला घेतलं ते सही करतानाच्या त्या बघण्यामुळे. जाहिरातीने गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाईकाच्या मनातली ती शंका जाहिरातीतच मिटवता येते, आणि जो डीलर ती मिटवतो त्याची गाडी लवकर जाते व चांगल्या भावात जाते, एवढंच मला सांगायचं आहे.

ही शंका मला स्वतःला पडायला हवी होती तेव्हा पडली नाही. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला. २७ तारखेला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. टीव्हीवर जे फारसं आलं नाही ते आम्ही पाहिलं: सखल भागातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये काचांपर्यंत पाण्यात बुडालेल्या गाड्या. पाणी ओसरलं, गाळ धुतला गेला, गाड्या टो करून नेल्या गेल्या. त्या पुढे कुठे गेल्या, हा विचार काही माझ्या मनात आला नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर मी मोबाइलवर एक जाहिरात बघून घरासाठी छोटी पेट्रोल गाडी घेतली. जाहिरातीत पाच फोटो होते, पाचही नुकत्याच धुतलेल्या गाडीचे, बोनेटवर पाण्याचे थेंब चमकत होते. खाली लिहिलं होतं: शोरूम कंडिशन, नॉन-ॲक्सिडेंटल, पेपर क्लिअर, घेऊन चालवा.

फेब्रुवारीत मागची काच खाली जाईना. मग एसी लावला की कुबट वास यायला लागला. मग डॅशबोर्डवर एक दिवा लागला तो विझेना. अंबरनाथला माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. डिक्की उघडली, मॅट उचलली, स्टेपनीचा बोल्ट सोडवून चाक बाहेर काढलं आणि मला म्हणाले, "या, बघा." खड्ड्याच्या तळाला दोन बोटं जाडीचा गाळ वाळून बसला होता, तळं आटल्यावर भेगा पडतात तशा भेगा पडलेला, आणि त्यात गवताची एक काडी रुतलेली होती. मग त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही, त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची आडवी रेघ होती. "पाणी इथवर होतं," म्हणाले, आणि पट्टा सोडून दिला. तो सरकन आत गेला.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांचं नाव इथे घेण्याचं कारण नाही. पण ती जाहिरात मी अजून जपून ठेवली आहे, कारण तिच्यात खोटा म्हणावा असा शब्द जवळपास सापडत नाही. गाडीला अपघात झालेला नव्हता. कागद साफ होते. रंगावर ओरखडा नव्हता. जे सांगायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं त्यात होतं. विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवलेली गाडी लिलावात जाते, दुरुस्त होऊन परत बाजारात येते. सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. मला सांगितलं असतं तर कदाचित मी घेतलीही असती, अर्थात त्या भावात नाही.

पुढे वाचनात आलं की या गोष्टीवर एका माणसाला नोबेल मिळालं आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला, शेवटी १९७० साली छापून आला, आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळालं ते मुख्यतः त्याच कामासाठी. त्यांचं म्हणणं आपल्या डीलरांना एका दमात समजेल. गाडीत काय आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला भीतीचा भाव लावतो, म्हणजे मधला, जरा कमीच. तो भाव चांगली गाडी असलेल्याला परवडत नाही, तो गाडी परत घरी नेतो. बाजारात उरतात खराब गाड्या. मग गिऱ्हाईकाची भीती आणखी वाढते आणि भाव आणखी उतरतो. निबंध छापून येण्यापूर्वी ॲकरलॉफ वर्षभर दिल्लीत, भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. त्याच निबंधात एके ठिकाणी बाजारातून आणलेले तांदूळ निवडत बसणाऱ्या गृहिणीचा उल्लेख आहे; खडे तांदळाच्याच रंगाचे, तांदळाच्याच आकाराचे, मुद्दाम मिसळलेले. सुपात तांदूळ घेऊन उजेडाकडे तोंड करून बसलेली आजी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. निवडलेल्या तांदळाला दोन पैसे जास्त मिळतात ते त्या निवडण्याचे मिळतात. जाहिरात लिहिणाऱ्याचं काम तेच आहे. आपणच आधी निवडायचं आणि निघालेले खडे गिऱ्हाईकाला बाजूला ठेवून दाखवायचे.

उल्हासनगरच्या डीलराला हे काम इतरांपेक्षा जास्त मन लावून करावं लागतं, आणि यामागचं कारण बोलायला मला जड जातं. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प १ ते कॅम्प ५ हे आकडे तेव्हाचे. आजही इथल्या पत्त्यांत बॅरेक नंबर लिहितात. घरदार, शेती, दुकानं तिकडे टाकून आलेल्या माणसांनी त्या बराकींतून लोकलमध्ये वस्तू विकत, घरात यंत्र बसवत एक अख्खं शहर उभं केलं. आणि या शहराच्या वाट्याला काय आलं? 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद. कुठलीही नकली वस्तू दिसली की लोक हसून उल्हासनगरचं नाव घेतात. मी मराठी, माझा जन्म इथला, शेजारपाजार सिंधी. तो विनोद ऐकताना मला अजून लागतं. पण दादर किंवा डोंबिवलीचा माणूस फोनवर जाहिरात बघतो तेव्हा गाडीच्या आधी 'उल्हासनगर' हे नाव वाचतो आणि त्याच्या डोक्यात तो विनोद येतो, हे नाकारून चालत नाही. त्याला आपण रागावून उत्तर देऊ शकत नाही. पंचवीस फोटो देऊन देऊ शकतो.

पंचवीस हा आकडा मी विचार करून लिहिला आहे. पाच फोटोंत गाडी सुंदर दिसते, पंचवीस फोटोंत गाडी कळते. समोरचा कोपरा, मागचा कोपरा, चारी बाजू, छत. चारी टायर, नक्षी किती उरली ते दिसेल असे, आणि टायरवरचे चार आकडे वाचता येतील असे. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, हे आता बऱ्याच गिऱ्हाइकांना माहीत असतं. किल्ली फिरवून मीटरचा फोटो. बोनेट उघडून इंजिन आणि पुढचा एप्रन, कारण समोरून ठोकलेली गाडी एप्रनवरच्या वेल्डिंगवरून ओळखता येते. पुढच्या सीटच्या रुळांचा फोटो, कारण पाण्यात गेलेल्या गाडीचे रूळ आधी गंजतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून. आणि डिक्कीची मॅट उचलून, स्टेपनी काढून, तो खड्डा. शिवाय जितके ओरखडे, जितके डेंट, त्या प्रत्येकाचा वेगळा फोटो, शेजारी रुपयाचं नाणं धरून, म्हणजे आकार कळतो.

एक कळकळीची विनंती. ओल्या गाडीचा फोटो काढू नका. पाण्याने ओरखडे बुजतात, रंगातला फरक बुजतो, आणि हे आता गिऱ्हाईकाला कळायला लागलं आहे. गाडी धुवा, पुसा, वाळू द्या. फोटो सकाळी ऊन आल्या आल्या काढा. त्या वेळी आपल्या गल्ल्यांत जीन्सच्या गठ्ठ्यांचे टेम्पो उभे नसतात, ऊन कोवळं असतं, आणि आदल्या रात्रीपासून थंड असलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करतानाचा व्हिडिओही तेव्हाच घेता येतो. त्या व्हिडिओवर गाणं लावू नका. पहिल्या सेल्फचा आवाज, मग इंजिनाचा आवाज, मग मागे जाऊन सायलेन्सरचा धूर, एवढं एका मिनिटात, न तोडता. जाणकार माणूस ते मिनिट तीनदा ऐकतो.

हे सगळं बघणार कोण आणि कुठे, याचाही विचार करायला हवा. आपलं बरंचसं गिऱ्हाईक संध्याकाळच्या लोकलमध्ये असतं. सीएसएमटीहून बदलापूरपर्यंत दीड तासाच्या आसपासचा प्रवास, एका हातात कडी, दुसऱ्या हातात फोन. वाटेत मधेच नेटवर्क जातं.  व्हिडिओ गरगरत राहतो. तेव्हा हाताशी उरतं ते आधीच उघडलेलं: पहिला फोटो आणि पहिली ओळ. म्हणून पहिल्या ओळीत 'टकाटक' आणि 'लकी गाडी' यांना जागा देऊ नये. ती ओळ अशी असावी: मारुती वॅगन आर व्हीएक्सआय, पेट्रोल, नोंदणी ऑगस्ट २०१६, एमएच-०५, दुसरा मालक, ६८ हजार किलोमीटर, २ लाख ९५ हजार. यातला एकही शब्द गाडीची स्तुती करत नाही, तरी माणूस ठाण्यापर्यंत ठरवतो की फोन करायचा.

त्या ओळीतली किंमत काही डीलरांना खटकेल. 'किंमत फोनवर' लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे; फोन आला की माणूस बोलण्यात धरता येतो, असं वाटतं. पण ऑनलाइन शोधणारा आधी बजेट टाकतो. तीन लाखांपर्यंत असं त्याने टाकलं की किंमत न दिलेली किंवा उगाच एक रुपया लिहिलेली गाडी त्याच्यासमोर नीट येतच नाही, आणि तीन लाख पाच हजारांची गाडी तर येतच नाही, जरी ती पावणेतीनला द्यायची तुमची तयारी असली तरी. आकडा लिहा आणि त्यात काय धरलं आहे ते लिहा: ट्रान्सफरचा खर्च कोणाचा, विमा किती महिन्यांचा उरला आहे, चलन बाकी आहे का, जुन्या नंबरप्लेटच्या जागी एचएसआरपी बसली आहे का. आणि तो आकडा ताजा ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, शोरूमचे भाव उतरले. तरी कित्येक जुन्या जाहिराती आदल्या भावांनी तशाच लटकत होत्या. नव्या गाडीचा भाव माहीत असलेला माणूस अशी जाहिरात बघून डीलरालाच अडाणी ठरवतो.

विकली गेलेली गाडी जाहिरातीत ठेवू नये, यावर मी भांडायलाही तयार आहे. 'ती कालच गेली, पण तिच्यासारखीच दुसरी आहे' हे वाक्य ऐकायला वांगणीहून कोणी दोन रिक्षा बदलून येत नाही. आणि हा आता फक्त रीतभातीचा प्रश्न राहिलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड लावू शकतं, आणि जून २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांत आमिषाच्या जाहिरातीची वेगळी व्याख्याच दिली आहे: देण्याची खरी शक्यता नसताना वस्तू स्वस्तात दाखवून गिऱ्हाईक ओढणं.

कायद्याचा दुसरा भाग असा आहे की त्याचा जाहिरातीत फायदा घेता येतो, आणि आपल्या भागात तो फार कमी जण घेतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये बदल झाले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलराला आरटीओकडून अधिकृततेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षं चालतं. गाडी ताब्यात आली की मालकाने आणि डीलराने मिळून फॉर्म २९-सी पोर्टलवर भरायचा. तिथून गाडीची जबाबदारी डीलराची. हा नियम का आला ते समजून घेतलं पाहिजे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच मालक. गाडी मधे चार हातांतून गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. माझ्या बाकावर असे लोक बसले आहेत, ज्यांनी गाडी विकून वर्षं झाली आणि तिची चलनं अजून त्यांच्याच फोनवर येत होती. असा माणूस गाडी विकायला काढतो तेव्हा दोन हजार जास्त देणाऱ्याकडे जात नाही, नाव उतरवून देण्याची खात्री देणाऱ्याकडे जातो. तुमच्याकडे प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक प्रत्येक जाहिरातीत शेवटच्या ओळीत लिहा. त्याने गाडी घेणारे येतील आणि गाडी देणारेही येतील. धंद्यात दुसरं जास्त अवघड असतं, हे डीलरांना मी सांगायला नको.

मजकुरात जे लपवावंसं वाटतं त्यापासूनच सुरुवात करावी, असं मी सुचवतो. टॅक्सी पासिंगची गाडी नंतर प्रायव्हेट केलेली असेल तर तसं लिहा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट कधी झाली ते लिहा. दिल्ली पासिंगची गाडी इथे आणून रीपासिंग केली असेल तर लिहा. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आल्यापासून तिकडच्या गाड्या कमी भावात इकडे येतात हे गिऱ्हाईकाला ठाऊक आहे, तुम्ही गप्प राहिलात तर तो वाईटच धरून चालेल. उजवा दरवाजा रंगवलेला असेल तर 'उजवा दरवाजा रंगवलेला, ओरखडा होता, फोटो क्रमांक १९' असं लिहा. अशी एक उणीव वाचली की बाकीच्या चांगल्या ओळींवर आपोआप विश्वास बसतो. आठ वर्षांची गाडी आणि मीटरवर २२ हजार असेल, तर ते खरं असलं तरी कोणी मानणार नाही. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या सर्व्हिसची नोंद जोडा, प्रत्येक वेळचे किलोमीटर त्यात असतात.

नंबरप्लेट झाकावी का, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत उघडी ठेवावी असं आहे. नंबर दिसला की गिऱ्हाईक लोकलमध्ये बसल्या बसल्या परिवहनच्या ॲपवर बघतो: नोंदणीची तारीख, विमा, कर्जाचा बोजा. ते जुळलं की अर्धं काम तिथेच झालं. पण आरसीचा फोटो जाहिरातीत कधीही टाकू नये. त्यावर मालकाचं नाव आहे, पत्ता आहे, चेसिस नंबर आहे, आणि असे फोटो उचलून दुसऱ्याच्या गाडीची खोटी जाहिरात करणारे, 'टोकन पाठवा, गाडी आर्मीच्या कँटीनमधून येतेय' सांगणारे चोर काही कमी नाहीत. त्यासाठीच आपल्या प्रत्येक फोटोवर, अगदी गाडीच्या मधोमध, दुकानाचं नाव आणि फोन फिकट अक्षरांत टाकावा. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हे मी दुकानात मोठ्या अक्षरांत लावलं आहे, खाली १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर. डीलरांनीही लावावा.

पत्त्याबद्दल थोडं. जाहिरातीत नुसतं 'उल्हासनगर' लिहिलं की बाहेरचा माणूस उल्हासनगर स्टेशनला उतरतो आणि मग कॅम्प ४ शोधत रिक्षावाल्यांना विचारत फिरतो. आपलं स्टेशन विठ्ठलवाडी. तसं लिहा: विठ्ठलवाडीला उतरा, बाहेर शेअर रिक्षा मिळते, श्रीराम चौक, व्हीनस चौक किंवा लालचक्की, जे तुम्हाला जवळ असेल ते. गुगल मॅपवर दुकानाची खूण नेमकी दारावर आहे की मागच्या गल्लीत, ते स्वतः चालत जाऊन तपासा. घामाघूम होऊन, चिडून आलेला माणूस गाडीतही खोड काढतो.

भाषेचंही असंच. इथल्या दुकानात सिंधी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलली जाते आणि आपल्याला ते खटकत नाही. पण बदलापूर-अंबरनाथचं मराठी कुटुंब पहिली गाडी घेताना घरात मराठीतच चर्चा करतं. मुलगा जाहिरात आईला वाचून दाखवतो. तिला कळेल अशा मराठीत दहा ओळी लिहिल्या तर तिचं मत तुमच्या बाजूने पडतं, आणि माझ्या अनुभवात शेवटचं मत तिचंच असतं. फोन कोणी, कधी उचलायचा हेही याच्याशीच जोडलेलं आहे. रात्री आठ ते दहा माणसं घरी पोहोचून निवांत असतात, नेमके तेव्हा आपले फोन बंद असतात. व्हॉट्सॲपच्या चाळीस ग्रुपांत तीच गाडी रोज फिरवण्यापेक्षा ते दोन तास कोणीतरी नीट बोललं तर जास्त उपयोग होईल.

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडलं, असं इथे सांगतात. लांबच्या वाटेवर थकलेला घोडा देऊन ताजा घ्यायचा तो मुक्काम. ते खरं असेल तर हा धंदा या पट्ट्यात फार जुना आहे. आणि घोडा घेणारा तेव्हाही त्याचे दात बघितल्याशिवाय दाम देत नसणार.

मागच्या वर्षी आमच्या जवळच्या एका डीलरांना, मी त्यांना साईं म्हणतो, मी ही फोटोंची यादी टाइप करून दिली. त्यांच्या पुतण्याने ती भिंतीवर चिकटवली. एका शनिवारी सकाळी मी दुकान उघडायला आलो तर तो पोरगा एका जुन्या गाडीच्या डिक्कीत अर्धा वाकून, एका हाताने टॉर्च धरून स्टेपनीच्या खड्ड्याचा फोटो काढत होता. तळाला थोडा गंज होता, पोळीएवढा. साईं म्हणाले, "अरे, तो काढून टाक, खड्ड्याचा फोटो कोण बघणार?" पोरगा म्हणाला, "काका, यादीत आहे." आणि फोटो राहिला.

आठवड्याने बदलापूरचं एक कुटुंब आलं, नवरा-बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. गृहस्थांनी बोनेट उघडायला सांगितलं नाही. ते सरळ मागे गेले, डिक्की उघडली, मॅट उचलली, फोनमधला फोटो काढून खड्ड्याशेजारी धरला. गंज तेवढाच होता, तिथेच होता. मॅट परत नीट बसवली, हात झटकले आणि म्हणाले, "ट्रायल घेऊ का?" तासाभराने ते माझ्या बाकावर होते. फॉर्म ३० वर सही करताना त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं, कारण मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर चढून हॉर्न वाजवत होती.